खरखरीच्या बाजूने

अंडरग्राउंड मेटलवर आपल्याकडे जी टीका होते, ती बहुतेक वेळा ऐकून केलेली नसते, ही माझी पहिली तक्रार. सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं हजेरी लावणारी, एका कोमल ऋषभाच्या लगावावरून तासभर वाद घालू शकणारी माणसं मेटलचा विषय निघाला की अर्ध्या मिनिटात निकाल देऊन मोकळी होतात. हा गोंगाट आहे, याला रियाझ लागत नाही, यानं पोरं हिंसक होतात आणि हे आपलं नाहीच. ज्यांच्या कानांविषयी मला आदर आहे त्यांच्याकडूनच हे ऐकावं लागतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे. शिवाय एक आरोप आमच्या घरातूनच येतो. मेटल आवडतं म्हणणारेच विचारतात, चांगलं स्वच्छ ध्वनिमुद्रण केलेलं मेटल असताना हा ओबडधोबड, खरखरीत माल कशाला ऐकायचा? त्यांनाही उत्तर द्यायचं आहे, आणि मला वाटतं ते एकच आहे. खरखर हा या संगीतातला दोष नाही. तीच त्याची सामग्री आहे.

हा आवाज आला कुठून ते आधी पाहू. बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तो उरलेल्यांवर वाजवत असे. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली. ती बोटावर नीट बसेपर्यंत आतून कोरली, बाहेरून घासली आणि तारेवरून घसरू नयेत म्हणून वर चामड्याचे तुकडे चिकटवले. नेहमीच्या जाड तारा दुखऱ्या बोटांना पेलेनात, म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली. पुढच्या वर्षीच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधल्या काही गाण्यांसाठी त्यानं तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला आणि गिटारचा आवाज असा खाली गेला की गेली पन्नास वर्षं जगभरचे बँड त्या खोलीत उतरत आहेत.

हा आवाज आळसातून जन्मला असं म्हणणाऱ्यांनी त्या टोपणांचा विचार करावा. बोटाच्या टोकाला स्पर्शच उरला नसेल तर तार किती दाबली हे फक्त कानांनी ओळखावं लागतं. सगळा हात पुन्हा नव्यानं शिकवावा लागतो. याला रियाझ म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आता गोंगाटाकडे वळतो. इथं थोडं ध्वनिशास्त्रात शिरावं लागेल, कारण वाद खरा तिथंच आहे. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त संदेश दिला की ध्वनिलाटेची टोकं छाटली जातात. या छाटणीतून मूळ स्वराच्या पटीतले कितीतरी उपस्वर तयार होतात, आणि तेच डिस्टॉर्शन. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात. मेटलचा गिटारवादक प्रामुख्यानं षड्ज आणि पंचम ही जोडी वाजवतो. त्यांचं गुणोत्तर दोनास तीन. तिनातून दोन गेले की उरतो एक, म्हणजे वाजवलेल्या षड्जाच्या खालचा, खर्जातला षड्ज. तो कोणीच छेडलेला नसतो, तरी तो तिथं असतो. मेटल पोटात जाणवतं ते नुसत्या आवाजाच्या मोठेपणामुळे नाही, या न वाजवलेल्या खर्जामुळेही जाणवतं. त्याच जोडीत गंधार मिसळून पाहा, सगळं गढूळ होतं. गिटारच्या पडद्यावरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो आणि डिस्टॉर्शन तो फरक झाकत नाही, उघडा पाडतं. जुने गवई हार्मोनियमच्या गंधाराबद्दल जी तक्रार करत, तीच ही. मेटलवाले तक्रार करत बसले नाहीत. त्यांनी गंधार बाजूला ठेवला आणि षड्ज-पंचमावर घर बांधलं.

आणि उपस्वरांची खरखर हा जर अपराध असेल, तर मिरजेच्या कारागिरांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा अगदी हलका घासून त्याला किंचित उतार देतो. मग वादक तारेखाली सूत सरकवतो, थांबून ऐकतो, केसभर मागे घेतो, पुन्हा छेडतो. तार घोडीला चाटत गेली पाहिजे, तिनं झंकारायला पाहिजे. जवारी बंद झाली तर तंबोरा बेसूर होत नाही, पण मुका होतो आणि गवयाला त्याच्यात काही सापडत नाही. तारेच्या स्वच्छ आवाजात मुद्दाम कालवलेली ही खरखर आपण शतकानुशतकं पवित्र मानत आलो. तंबोरा आणि मेटलची गिटार ही एकच गोष्ट आहे असा माझा दावा नाही. एकीकडे ती खरखर स्थिर राहते, दुसरीकडे अंगावर चालून येते. पण स्वच्छ स्वर म्हणजेच संगीत आणि खरखर म्हणजे संगीताचा अभाव, ही व्याख्या आपल्या स्वतःच्या परंपरेत टिकत नाही.

आता घरातल्या टीकाकारांकडे येतो. खराब ध्वनिमुद्रण ही गरिबीची खूण आहे, जमलं असतं तर यांनीही स्वच्छच केलं असतं, असं त्यांना वाटतं. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग या ध्वनिमुद्रकाकडे एंटूम्ड या बँडनं ‘लेफ्ट हँड पाथ’ केलं, ते १९९० मध्ये आलं. त्या रेकॉर्डवरचा गिटारचा लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ नावाच्या स्वस्त पेडलचा आहे. त्याला फिरवायची चार बटणं असतात, आणि स्वीडनच्या पोरांनी चारही शेवटपर्यंत फिरवली. कोणत्याही माहितीपत्रकात असं करायला सांगितलेलं नसतं. कंपनीनं ते पेडल पुढे बंद केलं, आणि २०२१ मध्ये त्या पोरांच्या आवाजाची मागणी संपत नाही म्हटल्यावर पुन्हा बाजारात आणलं.

याहून बोलकं उदाहरण नॉर्वेच्या डार्कथ्रोनचं. त्यांची पहिली रेकॉर्ड ‘सोलसाइड जर्नी’ याच सनलाइट स्टुडिओत झाली. गुंतागुंतीची, तंत्रशुद्ध, हात बसलेल्या वादकांची डेथ मेटल. ती १९९१ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ काढली, थंड, पातळ, ओरखडे काढणारी ब्लॅक मेटल. रेकॉर्ड कंपनी हादरली, बँड मागे हटला नाही आणि रेकॉर्ड जशी होती तशीच बाहेर पडली. १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’पर्यंत तर बँडमधल्या फेनरिझनं सगळी वाद्यं स्वतः वाजवून चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर टिपली होती. एकच रिफ, गिटारची एक छोटी ओळ, मिनिटामागून मिनिट फिरत राहते, ढोल एका चालीत धावतात, आणि काही वेळानं कान रिफ ऐकायची सोडून तिच्यावर साचलेल्या धुक्यात शिरतात. वाजवता येत नव्हतं म्हणून हे असं झालं, हे म्हणणं त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डनं खोटं ठरवलं आहे. स्वच्छ आवाजाचं दार त्यांना उघडं होतं, आणि ते जाणूनबुजून दुसऱ्या दारानं गेले.

पैसे नसणं हेही कारण होतंच, ते मी लपवत नाही. नेपाम डेथच्या ‘स्कम’ची पहिली बाजू १९८६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये अवघ्या पन्नास पौंडांत, एका रात्रीत टिपली गेली. दुसरी बाजू पुढच्या वर्षी झाली, तोवर बँडमधली जवळजवळ सगळी माणसं बदलली होती. ढोलवादक मिक हॅरिस तेवढा दोन्हीकडे आहे. गाण्यांचे विषय आहेत बहुराष्ट्रीय कंपन्या, पिळवणूक, सत्ता. आता कल्पना करा, हीच गाणी महागड्या स्टुडिओत, प्रत्येक ठोका संगणकानं सरळ केलेला, प्रत्येक स्वर पुसून लखलखीत केलेला, अशी टिपली असती तर? शब्द तेच राहिले असते, पण त्यामागची माणसं गेली असती. त्या रेकॉर्डमध्ये खोलीच्या भिंती ऐकू येतात. हॅरिसचा हात थकतो तेही ऐकू येतं. आज बाजारात येणाऱ्या कितीतरी चकचकीत मेटल रेकॉर्डमध्ये ढोलाचा प्रत्येक ठोका आधी टिपून ठेवलेल्या एकाच नमुन्याचा असतो. त्यातली अचूकता मला मान्य आहे. त्यात माणूस कुठे आहे, ते मला कोणी दाखवून द्यावं.

गायकीवरचा आरोप सगळ्यात सोपा समजला जातो. हे गाणं नाही, ओरडणं आहे, आणि शब्द कळत नाहीत. ओरडणाऱ्याचा घसा पहिल्याच गिगनंतर बसतो. मेटलचा गायक दौऱ्यावर रोज रात्री तास-तास गातो, कारण तो बहुतेक भार खऱ्या स्वरतंतूंवर टाकत नाही. त्यांच्या वर घशात मांसल घड्यांची दुसरी जोडी असते, ती तो कंप पावायला लावतो आणि खालून पोटाचा श्वास मोजून देतो. सैबेरियाच्या दक्षिणेला तुवा प्रांतातले गायक कार्गिरा नावाच्या घनगंभीर गायकीत त्याच घड्या वापरतात, आणि त्याला जगभरातले संगीतज्ञ मान देतात. राहिले शब्द. विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द किती श्रोत्यांना कळतात, हे प्रत्येकानं स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. ‘सा’पर्यंत पोचताना शब्दांची अक्षरं विरघळून जातात आणि आपण त्याला भाव म्हणतो. तराण्यात तर शब्द अर्थासाठी नसतातच. आवाज हे वाद्य आहे हे आपल्याला एका ठिकाणी पटतं, मग दुसऱ्या ठिकाणी पटायला अडचण काय आहे?

हिंसेचा आरोप मी गंभीरपणे घेतो, कारण त्याच्या एका टोकाला तथ्य आहे.

खोट्या टोकाचं आधी. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो इथं १९९० मध्ये जूडास प्रीस्टवर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि बँडच्या एका गाण्यात आत्महत्येला उद्युक्त करणारे छुपे शब्द दडवले आहेत असा त्यांच्या कुटुंबांचा दावा होता. ते गाणं मुळात बँडचं स्वतःचं नव्हतंच, स्पूकी टूथ या दुसऱ्या बँडकडून घेतलेलं होतं. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ते ‘शब्द’ मुद्दाम घातलेले नव्हते, निरनिराळे आवाज योगायोगानं एकमेकांवर पडून तसा भास होत होता. पुढे संशोधकांनीही हा प्रश्न हाती घेतला. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात मेटल किंवा तत्सम संगीत ऐकणाऱ्या १८ ते ३४ वर्षांच्या ३९ जणांना आधी राग आणणाऱ्या आठवणी काढायला लावल्या, मग काहींना त्यांचं आवडतं संगीत ऐकवलं, काहींना शांत बसवलं. संगीतानं राग भडकला नाही. ऐकणाऱ्यांना उलट उभारी आल्यासारखं वाटलं. मॅक्वारी विद्यापीठानं २०१९ मध्ये हिंसक शब्दांचं डेथ मेटल ऐकणाऱ्या ३२ चाहत्यांची तुलना इतर ४८ जणांशी केली. हिंसेची चित्रं पाहून चाहत्यांची मनं बधिर झालेली आढळली नाहीत. हे अभ्यास छोटे आहेत, त्यांच्यावर सगळं ओझं टाकू नये. पण मेटलनं पोरं हिंसक होतात असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे एवढाही आधार नसतो.

ज्यांना कार्यक्रमात मंचासमोर भरणारी पिट म्हणजे मारामारी वाटते त्यांनी एकदा कडेला उभं राहून पाहावं. मी अनेकदा पाहिलं आहे आणि आत शिरलोही आहे. घामानं निसरड्या झालेल्या फरशीवर पोरं एकमेकांवर आदळत गोल फिरत असतात. मध्येच एखाद्याचा पाय सरकतो आणि तो आडवा होतो. त्याच क्षणी आजूबाजूचे तीन-चार जण हात पसरून त्याच्याभोवती कडं करतात, दोघं काखेत हात घालून त्याला उचलतात, तिसरा खाली वाकून पडलेला चष्मा शोधतो आणि मोबाईलच्या उजेडात तो उंच धरतो. चष्मा ज्याचा असेल त्याच्याकडे हातोहात पोचतो. नियम कुठं लिहिलेला नाही, पण नव्या पोरालाही पहिल्या पाच मिनिटांत कळतो. पडलेल्याला तुडवणारा माणूस पिटमधून बाहेर काढला जातो.

आता खरं टोक. १९९२ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनजवळचं फांतोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं, त्या काळात आणखीही चर्चं जाळली गेली. १९९३ मध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून झाला. वर्ग विकेर्नेस या संगीतकाराला खून आणि चर्च-जाळपोळीबद्दल १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. वर मी जिची एवढी स्तुती केली त्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’मधल्या निम्म्या गाण्यांचे शब्द याच माणसाचे आहेत, आणि तिच्या मूळ वेष्टनावर आर्य वंशाचा अभिमान मिरवणारी ओळ होती. यावर काही चाहते म्हणतात, संगीत वेगळं, माणूस वेगळा. एवढं बोलून सुटका होत नाही. त्या गुन्ह्यांना वलय चढवून टी-शर्ट विकणारे आमच्यातलेच होते, आणि वंशद्वेषाचा उघड प्रचार करणारे बँड आजही आमच्याच खरखरीचा आडोसा घेतात. त्यांना पैसा देऊ नये, मंच देऊ नये, आणि त्यांच्याबद्दल गप्प बसू नये, ही जबाबदारी चाहत्यांची आहे. बाहेरच्या टीकाकारांच्या आधी आमची. मी विकेर्नेसच्या रेकॉर्ड विकत घेत नाही. पण एका खुन्यावरून अख्ख्या ध्वनीला दोषी ठरवायचं असेल, तर जगातलं कुठलंच संगीत शिल्लक राहणार नाही. कैरोमध्ये १९९७ मध्ये सैतानपूजेच्या आरोपाखाली सुमारे शंभर मेटलप्रेमी तरुणांना पकडलं गेलं, ते नेमक्या याच तर्कानं.

‘हे आपलं नाही’ या वाक्यावर फार वेळ घालवायची इच्छा नाही. हार्मोनियम युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. तोवर महाराष्ट्राच्या नाट्यसंगीताचा तिच्याशिवाय श्वास चालत नव्हता. एखादं वाद्य, एखादा ध्वनी कुणाचा, हे तो कुठून निघाला यावर ठरत नाही, त्यातून कोण काय सांगतो यावर ठरतं. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंतेच्या सेपुलतुरानं १९९६ च्या ‘रूट्स’मध्ये शावांते आदिवासींबरोबर ध्वनिमुद्रण केलं. बगदादच्या अक्रासिकौदानं युद्धाच्या मध्यावर तळघरात सराव केला. जर्मनीतल्या रुर खोऱ्यात सोडम बँडचा टॉम एंजलरिपर गाण्याआधी कोळशाच्या खाणीत काम करत होता. हे संगीत सगळीकडे तिथल्या माणसांचं झालं.

मुंबईतही झालं. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि शहरातल्या पोरांना आपल्यासारखी आणखी पोरं आहेत हे तिथं कळलं. पुढे डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, गट्सलिट असे बँड इथून निघाले. डेमॉनिक रेझरेक्शन २०१० मध्ये ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आलं, म्हणजे ब्लॅक मेटलच्या घरी जाऊन. ही पोरं नोकऱ्या करतात, सुट्ट्या जमवून दौरे करतात, स्वतःच्या खिशातून रेकॉर्ड काढतात. सुखवस्तू पोरांचा उसना राग असं ज्याला वाटतं त्यानं संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये गिटार आणि पेडलांची पेटी घेऊन चढून दाखवावं.

रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमापायी बंद पडले. शेजारी रुग्णालय असेल तर नियम हवाच, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण निवडीशी आहे. दर वर्षी सणांच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती रुग्णालयांच्या, शाळांच्या, वृद्धांच्या खिडक्यांसमोरून मध्यरात्रीपर्यंत जातात, कोणाचीही परवानगी न विचारता सगळ्यांच्या छातीवर आदळतात, आणि तिथं संस्कृतीचं नाव पुढे केलं जातं. बंद हॉलमध्ये तिकीट काढून आलेली दोन-तीनशे माणसं, बाहेर गेलेला आवाज मोजून ठेवणारा आयोजक, दहाच्या ठोक्याला बंद होणारे अ‍ॅम्प, आणि तरी दारावर येऊन विचारपूस होते ती आमची. पुढच्या वेळी गोंगाटाबद्दल लिहायला बसाल तेव्हा दोन्ही ठिकाणी जाऊन या, कोण कोणाच्या कानात बळजबरीनं शिरतंय ते पाहा, आणि मग लिहा.